अलंकारांचा तक्ता आणि शैलीचा अभ्यास

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठीत एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी एक कथासंग्रह घेतला, त्यातले सगळे अलंकार शोधले आणि तक्ता केला: ४७ उपमा, २३ रूपकं, ११ चेतनगुणोक्ती, वगैरे. मार्गदर्शकांनी तक्ता परत दिला आणि म्हणाले, ‘हे शैलीविज्ञान नव्हे.’ (शैलीविज्ञान म्हणजे मजकुरात भाषेची निवड कशी केली आहे ते तपासणारा अभ्यास.) आता तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. शैलीसाधनं म्हणजे अलंकारच ना? शैलीविज्ञानाच्या शाखा नेमक्या किती? आणि आपलं काम त्यातल्या कुठल्या शाखेत बसतं?

तक्ता फेकू नका, शेवटी त्याच्याकडे येतो. मार्गदर्शकांचं म्हणणं बरोबर आहे, पण ते अर्धवट सांगून तुम्हाला वाऱ्यावर सोडलं, हे काही बरोबर नाही.

मीही हीच चूक केली आहे, तीही छापील. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कथालेखकावर लेख लिहिला होता. त्याची वाक्यं तोकडी, क्रियापदं गाळलेली, जागोजागी टिंबं. मी त्यावरून ‘तुटलेल्या मनाची तुटलेली वाक्यं’ वगैरे बरंच काही लिहून मोकळा झालो. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो अंक वाचून मला परत दिला. समासात पेन्सिलीने दोनच शब्द होते: ‘कशाच्या तुलनेत?’ मग त्याच दशकातली नियतकालिकं काढून बसलो. बघतो तर निम्मे कथालेखक तसंच लिहीत होते. मी ज्याला एका माणसाची शैली म्हणत होतो तो त्या काळचा रिवाज होता.

शैलीविज्ञान ‘कशाच्या तुलनेत?’ या दोन शब्दांवर उभं आहे. सगळ्या शाखा म्हणजे या एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं, असं मी आता मानतो. पण आधी साधनांचं पाहू.

‘तो रोज येई.’ ‘तो रोज येत असे.’ ‘तो रोज यायचा.’ माहिती एकच आहे, तिन्हींत भूतकाळातली सवय सांगितली आहे. तरी तीन वेगळी माणसं बोलत आहेत असं वाटतं. ‘यायचा’ म्हणणारा समोर बसून बोलतो आहे. ‘येत असे’ म्हणणारा थोडा मागे सरकून, लेखणी हातात धरून सांगतो आहे. ‘येई’ हे रूप तर रोजच्या बोलण्यात आता फारसं उरलेलंच नाही, ते लिखाणात आणि कवितेत टिकून आहे. आता अशी एक कथा समजा, जिचा निवेदक तीन पानं ‘यायचा, बसायचा, बोलायचा’ करत आपल्या गेलेल्या भावाबद्दल सांगतो आणि मग एकदम म्हणतो, ‘आणि रात्री उशिरा तो हळूच कडी काढी.’ एका रूपाने आवाज बदलला. गप्पांमधला भाऊ क्षणभर स्मरणातला झाला. या वाक्यात पाठ्यपुस्तकातला एकही अलंकार नाही. तुमच्या तक्त्यात हे वाक्य आलंच नसतं, आणि कदाचित त्या कथेतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच असेल.

पण हीच गोष्ट उलटीही खरी आहे. सगळं पुस्तकच ‘येई, बसे, काढी’ असं लिहिलेलं असेल तर ‘काढी’ला काही विशेष अर्थ नाही, ती त्या पुस्तकाची चाल आहे. तिथे मधेच एखादं ‘यायचा’ आलं तर कान टवकारायचे. म्हणजे कुठलंही रूप स्वतःच्या बळावर शैलीसाधन नसतं. तिथे दुसरं काय येऊ शकलं असतं आणि आजूबाजूला काय आहे, या दोन गोष्टींवर ते ठरतं.

म्हणूनच भाषेतली भावदर्शक साधनं आणि शैलीसाधन यांत फरक करतात. पहिली म्हणजे गोदाम, सगळ्यांसाठी खुलं. मराठीचं हे गोदाम चांगलं भरलेलं आहे, फक्त व्याकरणाच्या पुस्तकात ते शेवटच्या पानांवर कोंबलेलं असतं. ‘च’, ‘तर’, ‘ना’, ‘की’ ही चिमुकली अव्ययं. ‘पुस्तकबिस्तक’सारखे तुच्छता किंवा बेफिकिरी दाखवणारे जोडशब्द. क्रियापद शेवटी ठेवण्याची सवय मोडून ‘गेला एकदाचा तो’ असं बोलणं. मृत्यू, मरण, मौत, निधन, डेथ यांतला एक निवडणं. ‘केले’ लिहायचं की ‘केलं’, हेसुद्धा. (हे उत्तर मी ‘केलं’मध्ये लिहितो आहे. ‘केले’मध्ये लिहिलं असतं तर तुम्ही खुर्चीत जरा ताठ बसून वाचलं असतं.) गोदामातली वस्तू एखाद्या मजकुरात हेतूने, ठरावीक जागी, एखाद्या नक्षीचा भाग म्हणून वापरली गेली की ती शैलीसाधन होते.

मराठीचं एक साधन मला फार आवडतं: आम्ही आणि आपण. ‘आम्ही’त ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये आत येतो. ‘आम्ही चुकलो, पण आता आपण सावरू.’ चूक करणारे वेगळे होते, सावरण्याच्या कामाला मात्र श्रोत्याला जुंपलं आहे, आणि हे सगळं एका सर्वनामाच्या बदलाने. इंग्रजीत दोन्हीकडे एकच ‘वी’ येईल आणि डाव दिसणारच नाही. जाहीर भाषणांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी पहिलं काम हेच देतो: ‘आम्ही’ कुठे संपतं आणि ‘आपण’ कुठे सुरू होतं, तेवढं पेन्सिलीने रंगवून आणा.

मग अलंकारांना काढून टाकायचं का? मुळीच नाही. पाठ्यपुस्तकात आलेला अलंकारविचार हा मूळ विचाराचा एक तुकडा आहे, एवढंच. संस्कृत काव्यशास्त्रकार वामनाने ‘विशिष्टा पदरचना रीतिः’ (शब्दांची विशेष रचना म्हणजे रीती) म्हटलं तेव्हा तो शब्दांच्या मांडणीबद्दल बोलत होता, दागिन्यांबद्दल नव्हे. त्याच परंपरेतला कुंतक तर त्याहून पुढे गेला. त्याने वक्रतेचे, म्हणजे सांगण्याच्या नेहमीपेक्षा वेगळ्या वळणाचे, सहा स्तर मांडले: वर्णविन्यास, पदपूर्वार्ध, पदपरार्ध, वाक्य, प्रकरण आणि प्रबंध. म्हणजे एका ध्वनीपासून अख्ख्या ग्रंथापर्यंत. यातल्या पदपरार्धवक्रतेत तो काळ, कारक, वचन, पुरुष, प्रत्यय यांची निवड तपासतो. वरचं ‘काढी’ त्याच्याकडे नेलं असतं तर त्याने ते लगेच कालवक्रतेच्या खणात ठेवलं असतं. प्रचलित शब्दांपैकी नेमका हाच शब्द का, याला तो पर्यायवक्रता म्हणतो. मृत्यू, मरण, निधन यांची निवड तिथे जाते. हजार वर्षांपूर्वीचा हा आराखडा आज जसाच्या तसा वापरता येतो, आणि तरी प्रबंधांत तो पहिल्या प्रकरणात नमस्कार करण्यापुरताच असतो याचं मला वाईट वाटतं.

विसाव्या शतकात प्राग इथल्या अभ्यासकांनी, विशेषतः यान मुकारोव्स्की यांनी, हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगितली. रोजची भाषा वापरून वापरून आपोआप चालते, आपल्याला ती दिसत नाही. साहित्य तिचा एखादा भाग पुढे ओढतं आणि दिसायला लावतं. इंग्रजी पुस्तकांतून आपल्याकडे ही संकल्पना ‘फोरग्राउंडिंग’ म्हणून आली. हे दोन प्रकारे होतं. नियम मोडून, ज्याला विचलन म्हणतात. किंवा गरजेपेक्षा जास्त नियम पाळून, म्हणजे समांतरता: तीच वाक्यरचना, तेच आघात, तेच अंत्याक्षर पुन्हा पुन्हा. विद्यार्थी विचलन पटकन पकडतात, समांतरता निसटते, कारण नियमाप्रमाणे चाललेल्या गोष्टीकडे संशयाने बघायची सवय नसते.

आता शाखा. किती, हे विचारू नका. एका पुस्तकात पाच असतात, दुसऱ्यात बारा, आणि दोन्ही लेखक आपापल्या जागी बरोबर असतात. ध्वनिशैली, शब्दशैली, वाक्यशैली अशी विभागणी बऱ्याच ठिकाणी ‘शाखा’ म्हणून दिलेली दिसते. माझ्या मते त्या शाखा नाहीत, एकाच इमारतीचे मजले आहेत. कुठल्याही शाखेचं काम करा, या सगळ्या मजल्यांवर जावंच लागतं. खरी विभागणी तुलनेच्या बाजूने होते.

शार्ल बाली हा आधुनिक भाषाविज्ञानाचा पाया घालणाऱ्या सोस्यूरचा शिष्य. त्याचा फ्रेंच शैलीविज्ञानावरचा ग्रंथ १९०९ मध्ये आला. त्याने साहित्याला मुद्दाम दाराबाहेर ठेवलं. त्याला रस होता तो सर्वांच्या भाषेत भावनेचा अंश कुठे साठलेला असतो यात. त्याची तुलना एकाच भाषेतल्या समानार्थी पर्यायांमध्ये असते: यायचा, येत असे, येई. ही भाषेची शैलीमीमांसा. गंमत अशी की आज बहुतेक जण शैलीविज्ञान म्हणजे साहित्याचाच अभ्यास समजतात, आणि आधुनिक काळात ज्याने ते उभं केलं त्याने साहित्य बाजूला ठेवलं होतं.

कार्यात्मक शैलीविज्ञान प्रसंगाप्रमाणे बदलणाऱ्या भाषेची तुलना करतं: कार्यालयीन, वैज्ञानिक, वृत्तपत्रीय, बोलीतली, साहित्यिक. याचं मर्म बघायला एक फुटलेली काच पुरते. ‘मी काच फोडली.’ ‘माझ्याकडून काच फुटली.’ ‘काच फुटली.’ ‘काच फोडण्यात आली.’ पहिल्यात कबुली आहे. दुसऱ्यात माणूस हजर आहे, पण हेतू नाही. तिसऱ्यात काच आपली आपणच फुटली. चौथ्यात कोणीतरी फोडली हे नक्की, कोणी ते सांगायचं नाही. हे चौथं वाक्य मूल आईला कधी म्हणणार नाही, पण अहवालात ते सहज बसतं. ‘कळविण्यात येते’, ‘निर्णय घेण्यात आला’ या रचना कार्यालयीन मराठीचा कणा आहेत, आणि कर्ता लपवणं हे त्यांचं काम आहे. आता हीच रचना एखाद्या कथेत नवऱ्याच्या तोंडी घाला: ‘तुझं पत्र वाचण्यात आलं.’ कार्यालय घरात शिरलं. एका क्षेत्राची भाषा दुसऱ्यात नेणं हे स्वतःच मोठं शैलीसाधन आहे, आणि विनोदी लेखन अर्धं त्यावर चालतं.

साहित्यिक शैलीविज्ञान कशाशी तुलना करतं? सामान्य भाषेशी, त्या काळच्या इतर लेखनाशी, किंवा त्याच पुस्तकातल्या बाकीच्या पानांशी. मी तिसऱ्याला सर्वांत जास्त मानतो, कारण ती तुलना वाचकही नकळत करत असतो. निवेदनाचा अभ्यास इथेच येतो, आणि इथे इंग्रजी पुस्तकांवर विसंबलेल्यांची एक ठरलेली फजिती होते. पात्राचा विचार निवेदकाच्या वाक्यात मिसळून येतो, अवतरणचिन्हं नाहीत, ‘तिला वाटलं’ नाही. इंग्रजीत तो ओळखायची खूण म्हणून काळ एक पायरी मागे जातो असं सांगतात. मराठीत ती खूण शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही, कारण आपण दुसऱ्याचं बोलणं सांगताना काळ मागे नेतच नाही. ‘मी येतोय असं तो म्हणाला’, इतकंच. मग मराठी लेखक काय करतो?

‘ती फाटकापाशी थांबली. आता कशाला येतोय तो! गेला असेल परस्पर. आणि आपण उभे आहोत इथे खुळ्यासारखे. काय करावं?’

पहिलं वाक्य निवेदकाचं. दुसऱ्यात ‘आता’ आहे, ‘कशाला’ आहे, वाक्याच्या टोकाला ढकललेला ‘तो’ आहे. हे सगळं तिचं. मग येतं ‘आपण’. ते धड ‘मी’ नाही, धड ‘ती’ही नाही. मनातल्या मनात स्वतःशी बोलताना मराठी माणूस जे सर्वनाम वापरतो ते, आणि निवेदकालाही ते चालतं. शेवटच्या ‘काय करावं’मध्ये तर पुरुषच उरलेला नाही, कोणीही म्हणू शकतं. निवेदक आणि पात्र यांच्यामधली भिंत मराठीत या अशा जागी पातळ होते. कोणाला प्रबंधाचा विषय हवा असेल तर इथे अजून भरपूर काम शिल्लक आहे.

तौलनिक शैलीविज्ञान दोन भाषा शेजारी ठेवतं. विने आणि दार्बेलने यांचा फ्रेंच आणि इंग्रजी यांच्यावरचा ग्रंथ १९५८ चा, आणि भाषांतर शिकवणारे आजही त्याच्या परिभाषेत बोलतात. वरची ‘आपण’ आणि ‘वी’ची गोष्ट या शाखेत गेली.

मग आकड्यांची शाखा, शैलीमापन. इथे लेखक कोण हे ठरवायचं असतं, त्यामुळे एका माणसाची तुलना दुसऱ्या माणसाशी. गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या फेडरलिस्ट निबंधांचं. १७८७-८८ मधले ८५ निबंध, त्यातल्या १२ निबंधांचा लेखक हॅमिल्टन की मॅडिसन (दोघे त्या काळचे राजकारणी) हा वाद. मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये कौल मॅडिसनच्या बाजूने दिला, आणि तो भारदस्त शब्दांवरून नव्हे. ‘अपॉन’, म्हणजे ‘वर’, हा क्षुल्लक शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत साधारण तीनदा वापरतो, मॅडिसन क्वचितच. माणूस आपली उपमा विचार करून निवडतो, ‘अपॉन’ निवडताना तो जागा नसतो. म्हणून खूण तिथे उमटते.

हे मराठीत करायचं तर दोन खड्डे आहेत. एक, आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘घरातल्यासारखंच’ हा संगणकाला एक शब्द, पण आपल्याला हवा असलेला ‘च’ त्याच्या शेपटीला. ते सुटं केल्याशिवाय मोजणीला अर्थ नाही. दुसरा खड्डा जास्त खोल. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांत ‘केलें’चं ‘केले’ झालं, कुठे नंतर ‘केलं’. वेगवेगळ्या आवृत्त्या एकत्र मोजल्यात तर लेखक सापडणार नाही, मुद्रितशोधक सापडेल.

याच कुळातली न्यायसहायक शाखा, म्हणजे कोर्टातल्या पुराव्यासाठी भाषा तपासणारी. डेरेक बेंटली या १९ वर्षांच्या मुलाला इंग्लंडमध्ये २८ जानेवारी १९५३ रोजी फाशी झाली. त्याची जबानी त्याच्याच शब्दांत उतरवल्याचं पोलिसांनी सांगितलं होतं. अनेक वर्षांनी भाषातज्ज्ञ माल्कम कोल्टहार्ड यांनी ती तपासली आणि ‘देन’, म्हणजे आपला ‘मग’, मोजला. जबानीत तो दर ५८ शब्दांत एकदा. सामान्य साक्षीदारांच्या जबान्यांत दर ९३० शब्दांत एकदा, पोलिसांच्या निवेदनांत दर ७८. शिवाय बोलताना लोक ‘मग मी’ म्हणतात, या जबानीत मात्र वारंवार ‘मी मग’ होतं, जी पोलिसी लिखाणाची धाटणी. १९९८ मध्ये त्याला दोषी ठरवणारा निकाल रद्द झाला. मुख्य कारण खटल्यातल्या न्यायाधीशांनी ज्युरीला केलेलं मार्गदर्शन हे होतं, भाषेचा पुरावा एकटा पुरला असता असं नाही. तरी दोन शब्दांची अदलाबदल किती सांगून जाते हे शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही. तीन आकडे पुन्हा पाहा. नुसत्या ५८ वरून काहीच ठरत नव्हतं.

संगणकीय संचांवर आधारलेलं, बोधात्मक, स्त्रीवादी अशा आणखी शाखा आहेत. पहिली मोठ्या मजकूरसंग्रहाशी तुलना करते, दुसरी वाचकाच्या मनात काय घडतं ते विचारते, तिसरी भाषेत बाईला कुठली जागा दिली आहे ते बघते. नावांनी दबून जाऊ नका.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्या. १९७० च्या दशकात अमेरिकन समीक्षक स्टॅन्ली फिश यांनी विचारलं होतं: व्याकरणातली गोष्ट मोजून झाल्यावर तिचा अर्थ तुम्ही आणता कुठून? कर्ता नसलेली वाक्यं जास्त, म्हणून पात्र असहाय. छोटी वाक्यं, म्हणून मन अस्वस्थ. हा पूल कोणी बांधला? माझ्या त्या ‘तुटलेल्या मना’च्या लेखात मी नेमकी हीच उडी मारली होती. यावर मला जमलेला उपाय साधा आहे. रचना बदलून वाक्य पुन्हा लिहायचं, दोन्ही वाक्यं अशा चार वाचकांना दाखवायची ज्यांना तुमचा सिद्धान्त माहीत नाही, आणि त्यांना काय वेगळं वाटलं ते टिपायचं. त्यांना काहीच वेगळं वाटलं नाही तर मुद्दा सोडून द्यायचा, कितीही आवडता असला तरी.

आता तुमचा तक्ता. २३ रूपकं आणि ११ चेतनगुणोक्ती सध्या बाजूला ठेवा. ४७ उपमा घ्या आणि उपमेय-उपमान विसरून फक्त जोडणारा शब्द बघा: सारखा, प्रमाणे, जसा, जणू, -वाणी, -गत, -सम. ‘जणू’ आला की पाठ्यपुस्तक उत्प्रेक्षा म्हणतं, ती तुमच्या वेगळ्या रकान्यात असेल. या कामापुरते दोन्ही रकाने एकत्र करा. ‘सारखा’ तटस्थ आहे, कोणीही वापरेल. ‘जणू’ आणि ‘-सम’ पुस्तकी. ‘-वाणी’, ‘-गत’ बोलीतले. प्रत्येक उपमेपुढे लिहा की ती निवेदकाची आहे की पात्राची, आणि पात्राची असेल तर संवादातली की मनातली. मग शोधा की निवेदनात ‘-गत’ कधी शिरतं, किंवा एखादं पात्र अचानक ‘जणू’ कधी म्हणतं. तुलनेसाठी त्याच लेखकाचा दुसरा संग्रह घ्या, आणि त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका लेखकाचा. हे काम साहित्यिक शैलीविज्ञानात बसतं, थोडं कार्यात्मककडे झुकलेलं. मार्गदर्शकांनी शाखा विचारली तर एवढं सांगा.

आणि मोजताना प्रत्येक ‘सारखा’ वाक्यासकट वाचा. ‘तो सारखा खोकत होता’ यात उपमा नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने अशा नऊ धरल्या होत्या.